आयर्विनचा फूट आणि दुकानाचा फूट: महापुराआधी दुकान, गोदाम कसं तयार ठेवायचं

जुलै उजाडला की सांगलीत दोन माणसं भेटली तरी पहिला प्रश्न एकच असतो, "किती फूट?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण आमच्या गणपती पेठेत एखाद्या दुकानदाराला विचारा की आयर्विनला किती फूट झाले म्हणजे तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं? बहुतेक जण छताकडे बघायला लागतात. मीही बघायचो.

माझा भुसार-किराण्याचा ठोक व्यवसाय आहे. २००५ चा पूर वडिलांच्या हाताखाली पाहिला, २०१९ चा स्वतःच्या जबाबदारीवर. २००५ ला आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हाची रेघ आम्ही भिंतीवर राखून ठेवली, तिच्यावर दोन फूट सोडून मजबूत माळा बांधला आणि १४ वर्षं निर्धास्त राहिलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माल माळ्यावर चढवला, कुलूप लावलं आणि विश्रामबागेत बहिणीकडे जाऊन झोपलो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सहाव्या दिवशी शटर उघडलं तेव्हा माळ्यावर साखरेची पोती रचलेली होती तशीच होती, तोंडाची शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. आत साखर मात्र नव्हती. विरघळून गेली होती.

तेव्हापासून काही गोष्टी ठरवून करतो. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा त्या कामाला आल्या. सांगली, कोल्हापूर, मिरजेचा नदीकाठ, शिरोळ या भागातल्या दुकानदारांना, छोट्या कारखानदारांना उपयोगी पडतील म्हणून लिहितो आहे. चिपळूण, महाडकरांसाठी गणित थोडं वेगळं आहे, ते मध्येच सांगेन.

आधी आपला फूट शोधा

हे काम मे महिन्यात करायचं. लागतात तीन गोष्टी: एक गवंडी, त्याचा लेव्हल पाईप (पाणी भरलेली पारदर्शक नळी), आणि जवळपासची पुराची एक खात्रीची खूण.

आमच्या दुकानात २०१९ ची रेघ उरली नव्हती, का ते शेवटी सांगतो. शेजारच्या दुकानात होती. गवंड्याने नळीचं एक टोक त्या रेघेला लावलं, दुसरं आमच्या दुकानात आणलं. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं तिथे पेन्सिलने खूण केली. पंधरा मिनिटांचं काम. मग उंबऱ्यापासून त्या खुणेपर्यंत टेप लावला.

आता हिशेब. समजा खूण उंबऱ्यापासून ८ फूट वर आली आणि त्या पुरात आयर्विनला कमाल पातळी साडेसत्तावन्न फूट होती. एका पेठेपुरतं पुराचं पाणी जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे वजाबाकी चालते: साडेसत्तावन्नातून ८ गेले, उरले साडेएकोणपन्नास. म्हणजे आयर्विन ४९ च्या पुढे सरकलं की पाणी आपल्या उंबऱ्यावर. एकाच पुरावर विसंबू नका. २०२१ ची खूण मिळाली तर तीही मोजा. दोन्ही उत्तरं अर्ध्या-पाऊण फुटाच्या आत जुळली तर आकडा खरा. जुळली नाहीत तर कमी असलेला आकडा धरा.

हा झाला दुकानाचा फूट. पण त्याआधी अजून दोन आकडे येतात आणि खरी फसगत तिथेच होते.

पहिला गटाराचा. सांगलीत पाणी नदीकडून लाटेसारखं चालत येत नाही. नदी चढली की शेरीनाल्यासारखे नाले आणि गटारं उलटी वाहायला लागतात आणि रस्ता कोरडा असताना दुकानाच्या मागच्या मोरीतून, संडासाच्या भांड्यातून पाणी वर येतं. तळघर किंवा खोलगट गोदाम असेल तर तुमचा खरा फूट उंबऱ्यावर धरून चालणार नाही, तो त्या मोरीच्या जाळीवर धरायचा.

दुसरा वाटेचा. दुकान कोरडं आहे पण टेम्पो ज्या चौकातून बाहेर पडणार त्या चौकात गुडघाभर पाणी आहे, मग कोरड्या दुकानाचा उपयोग काय? पेठेतून उंच भागाकडे जाणारा तुमचा रस्ता एकदा चालून बघा आणि त्यावरची सगळ्यात खोलगट जागा कोणती ते जुन्याजाणत्या रिक्षावाल्याला विचारा. त्या जागेचा फूट म्हणजे माल हलवण्याची शेवटची वेळ. आमच्या बाबतीत तो दुकानाच्या फुटापेक्षा तीन फुटांनी कमी निघाला. तो कळला तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

तिन्ही आकडे गल्ल्यामागच्या भिंतीवर ऑईलपेंटने लिहून ठेवा. मालक परगावी असला तरी मुनिमाला वाचता आले पाहिजेत.

मग तास मोजा

दुकान रिकामं करायला किती तास लागतात, याचा अंदाज प्रत्येक जण निम्म्याने कमी सांगतो. कागदावर मांडा.

समजा ५० किलोची ४०० पोती आहेत. म्हणजे २० टन. छोटा हत्ती ७५० किलो नेतो, म्हणजे १५ पोती, म्हणजे २७ फेऱ्या. ४०७ टेम्पोत अडीच टन धरलं तर ८ फेऱ्या. एका फेरीला भरणं, जाणं, उतरवणं, परत येणं धरून दीड ते दोन तास, आणि पुराच्या दिवशी अख्खी पेठ एकाच वेळी माल हलवत असते म्हणून दोनच धरा. एका ४०७ वर १६ तास झाले. रात्री हमाल मिळणार नाहीत, तर दोन दिवस.

आता पाणी किती वेगाने चढतं? ते दर पुरात बदलतं, पण नियोजनाला तासाला अर्धा फूट धरा. ४० वरून ४५ ला जायला दहा तास. म्हणजे इशारा पातळी ऐकून कामाला लागणाऱ्या माणसाचा निम्मा माल पाण्यात जाणार हे गणितच सांगतं. आम्ही २०१९ ला बरोबर इशारा पातळीलाच हललो होतो.

तासांचा आकडा कमी करायचे दोनच मार्ग आहेत: वाहनं आणि माणसं वाढवणं, किंवा दुकानात मुळात माल कमी ठेवणं. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

अडचण अशी की आपला पुराचा काळ आणि सणाच्या खरेदीचा काळ एकच. श्रावण, राखी, गणपती यांचा माल जुलैअखेरीस भरायचा असतो. साखर, रवा, खोबरं, तेल. भाव बरा असतो, उधारी मिळते, म्हणून गोदाम शिगोशिग भरतं, आणि नेमका तेव्हाच कोयनेचा विसर्ग सुरू होतो. मी आता सणाचा माल तीन हप्त्यांत मागवतो आणि मोठा हप्ता कुपवाडच्या बाजूला भाड्याने घेतलेल्या जागेत उतरवतो. जुलै ते सप्टेंबर तीन महिन्यांचं भाडं जातं. पेठेत चौघांनी मिळून एक जागा घेतली तर ते अंगावर येत नाही. आमची चौघांची आहे आणि वर्षातून एकदा चाव्यांवरून भांडण होतंच, पण जागा आहे.

फुटांचं वेळापत्रक

माझं दुकान ४९ चं, वाट ४६ ची. त्यावरून हे ठरलंय. तुमचे आकडे घाला.

३० फूट: नवीन मागणी बंद, रस्त्यात असलेला माल थेट उंचावरच्या गोदामात. हमालांच्या मुकादमाला आणि दोन टेम्पोवाल्यांना फोन.

३५ फूट: जड, स्वस्त, वेळखाऊ माल हलवायला सुरुवात. पोती आधी.

४० फूट: उरलेला सगळा माल, वजनकाटे, फ्रीजर, संगणक, वह्या.

४४ फूट: वीज बंद, कुलूप, माणसं बाहेर. या आकड्याला काही राहिलं असेल तर ते राहिलं.

नुसता आयर्विनचा आकडा बघू नका, तो तर आत्ताचा आहे. उद्याचा आकडा वरच्या पुलांवर दिसतो. जलसंपदा विभागाच्या रोजच्या पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी अशा पातळ्या दिलेल्या असतात. भिलवडी चढत असेल तर सांगली चढणारच. त्याच पत्रकात कोयनेचा साठा (धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट) आणि विसर्ग क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. मग खालची बाजू. वारणा हरिपूरला मिळते, पंचगंगा नृसिंहवाडीला, म्हणजे दोन्ही सांगलीच्या खाली. त्या दोन्ही फुगलेल्या असतील तर आपलं पाणी पुढे सरकत नाही, तुंबून राहतं. आयर्विन ३६ ला आहे, पण कोयना विसर्ग वाढवतेय आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेलीय, असं चित्र असेल तर मी ४० ची वाट बघत नाही.

हवामान खात्याच्या इशाऱ्याचे रंग सांगलीपेक्षा सातारा-महाबळेश्वरच्या घाटासाठी बघा. आपल्याकडे ऊन पडलेलं असतानाही पूर येतो. २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, आणि तो कोयनेच्या पाणलोटात सलग दोन-तीन दिवस झाला की पेठेत कुजबुज सुरू होते. मोबाईलवर 'सचेत' हे आपत्तीचे इशारे देणारं सरकारी अ‍ॅप ठेवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

एखाद्या वर्षी सगळं हलवाल आणि पाणी ४१ ला येऊन उतरायला लागेल. हमाली गेली, भाडं गेलं, शेजारी हसतील. हसू द्या. तो खर्च विम्याच्या हप्त्यासारखा वहीत टाकायचा.

आता चिपळूणकर, महाडकर. तुमच्याकडे असं फुटांचं वेळापत्रक चालणार नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून बाजारपेठेत शिरलं. वर सह्याद्रीचा कडा, खाली खाडीची भरती, मध्ये शहर. दोन दिवसांचा अवधी नदी देतच नाही. तुम्हाला जून ते सप्टेंबर तळमजल्यावर महागडा माल ठेवायचाच नाही, अशी कायमची रचना करावी लागेल: तळाला भिजलं तरी धुऊन चालेल असं सामान, वर बाकीचं.

काय आधी, काय नंतर

सगळा माल सारख्या घाईचा नसतो. पाण्यात काय कसं वागतं हे माहीत असलं की क्रम आपोआप लागतो.

साखर, मीठ, गूळ विरघळतात. मागे काहीच उरत नाही, पंचनाम्यात दाखवायलासुद्धा नाही. म्हणून हा माल आधी.

हरभरा, वाटाणा, डाळी फुगतात. भरगच्च रचलेल्या थप्पीत हे फुगणं साधं नसतं. लोखंडी रॅकचे खांब वाकलेले मी पाहिलेत. डाळींची थप्पी भिंतीला टेकवू नका.

तेलाचे डबे तरंगतात. तेल पाण्याहून हलकं. १५ किलोचा बंद डबा पाण्यात होडीसारखा फिरतो आणि शोकेसच्या काचा फोडतो. डबे हलवता आलेच नाहीत तर जाळीत किंवा दोरखंडाने एकत्र बांधा.

फ्रीजर, रिकामी टाकी, लाकडी कपाट हेही तरंगतात आणि पाणी उतरताना कुठेही बसतात. आमचा आडवा डीप फ्रीजर शटरच्या आतल्या बाजूला अडकून बसला होता. शटर हातभर वर जायचं आणि थांबायचं. शेवटी पत्रा कापावा लागला. तेव्हापासून फ्रीजर नेता आला नाही तर दार काढून, आडवा करून खांबाला बांधतो.

वेलदोडे, काजू, केशर, लवंग अशा कमी वजनाच्या महाग मालाच्या पेट्या कुणी विसरत नाही. त्या घरी जातात. त्यांची काळजी करून जड मालाचा वेळ घालवू नका.

फिनेल, अ‍ॅसिड, कीटकनाशक, कॉस्टिक दुकानात असेल तर ते सगळ्यात आधी बाहेर. फुटलं तर तुमचं आणि शेजाऱ्याचं दोघांचंही धान्य जातं.

हळदवाल्यांना मी काय सांगणार! हरिपूरची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) २००५ च्या पुरात गेली, पिढ्यान्पिढ्यांची साठवणुकीची रीत तिथेच मोडली. जमिनीखाली काही ठेवायचं नाही, हा धडा त्यांनी आपल्या सगळ्यांच्या वतीने घेतलाय.

माळ्याबद्दल एक शब्द. माळा असावा, पण ज्ञात असलेल्या सर्वोच्च पुराच्या किमान तीन फूट वर. छत तेवढं उंच नसेल तर माळ्याचा खर्च करू नका, तो पैसा टेम्पोवर घाला. आणि माळ्यावर किती टन चालेल हे इंजिनिअरला विचारून भिंतीवर लिहा. पुराच्या रात्री हमाल वजन मोजत बसत नाहीत.

वाळूची पोती, दाराला फळी, सिलिकॉन हे सगळं फूटभर पाण्यापुरतं ठीक. गटाराच्या मोरीवर आणि संडासाच्या भांड्यावर मात्र वाळूचं पोतं जरूर ठेवा, जमलं तर ड्रेनेजच्या पाइपला पाणी उलटं येऊ न देणारा वाल्व्ह प्लंबरकडून बसवून घ्या. पण दोन-अडीच फुटांच्या वर पाणी बाहेर अडवून धरायचा हट्ट करू नका. आत कोरडं आणि बाहेर चार फूट पाणी असेल तर तो सगळा भार जुन्या विटांच्या भिंतीवर येतो. भिंत गेली तर मालही जातो आणि दुकानही.

हमालांचं घर

हे कुठल्याच सरकारी माहितीपत्रकात नसतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या भागांत पाणी पेठेच्या आधी शिरतं. आपले हमाल, दिवाणजी, टेम्पोचा ड्रायव्हर यांतले कितीतरी जण तिथेच राहतात. आपल्याला त्यांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा ते स्वतःच्या घरातली भांडीकुंडी, म्हातारी माणसं हलवत असतात. २०१९ ला आमचा मुकादम आला नाही म्हणून माझ्या तोंडून नको ते शब्द गेले. त्याचं घर तेव्हा छपरापर्यंत पाण्यात होतं. नंतर तोच पहिला गाळ काढायला आला.

म्हणून जूनमध्येच प्रत्येक माणसाचा पत्ता आणि त्याच्या भागाचा फूट वहीत लिहा. ज्याचं घर आधी बुडतं त्याला ३५ फुटांनाच भरपगारी सुट्टी आणि गरज असेल तर टेम्पोची एक फेरी त्याच्या सामानासाठी. मालाला हात लावायला मिरज, कुपवाडच्या बाजूची टोळी आधीच ठरवून ठेवा, थोडी उचल देऊन. ऐनवेळी फोन केला तर हमालीचा दर तुम्ही ठरवत नाही.

वही, संगणक, वीज

हिशेबाचा बॅकअप दोन ठिकाणी: एक इंटरनेटवर, एक पेनड्राइव्हवर जो दुकानात राहत नाही. टॅलीचा बॅकअप त्याच संगणकात दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवणारे महाभाग मला माहीत आहेत. जुन्या वह्या, बिलबुकं यांचे फोटो काढून ठेवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात आणि पुराने नेल्या हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपलीच. शॉप अ‍ॅक्टचा परवाना, विमा पॉलिसी, भाडेकरार, बँकेचे कागद हे सगळं एका चेनच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल घरी. खतावणीतली उधारी मात्र वेगळी लिहून काढा. पुरानंतर गिऱ्हाईकाला "तुमचे किती होते?" असं विचारायची पाळी येऊ नये.

वीज: मीटर आणि मुख्य स्विच शक्य तितके वर घ्या. मीटरचं काम महावितरणकडूनच होतं, अर्ज उन्हाळ्यात करा. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी विसरू नका. मुख्य स्विच बंद केला तरी इन्व्हर्टर आतल्या तारांत वीज सोडतच असतो.

विमा: चार ठिकाणी लोक अडकतात

आगीच्या साध्या पॉलिसीत वादळ-पुराचं संरक्षण आहे का ते कागदावर वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल त्यांच्यासाठी, आणि पूर तिच्यात धरलेला आहे. ५ ते ५० कोटींसाठी 'भारत लघु उद्यम सुरक्षा'.

पहिली अडचण रकमेची. हप्ता वाचवायला २० लाखांच्या मालाचा १० लाखांचा विमा काढला आणि ८ लाखांचं नुकसान झालं तर सर्वसाधारण नियमाने ८ नव्हे, ४ लाखच मिळतात. माल निम्मा विमाछत्राखाली, म्हणून भरपाईही निम्मी. सूक्ष्म उद्यममध्ये १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढची नाही. विमा नेहमीच्या साठ्याचा काढून भागत नाही, श्रावणातल्या भरलेल्या साठ्याचा काढा.

दुसरी पत्त्याची, आणि ही फार जणांना भोवते. पॉलिसीवर दुकानाचा पत्ता आहे, माल मागच्या गल्लीतल्या गोदामात होता. किंवा तो आपण शहाणपणाने कुपवाडला हलवला आणि तिथे छत गळलं. पॉलिसीत नोंद नसलेल्या जागेतल्या मालावर भरपाई मागताना घाम फुटतो. सगळ्या जागा आधीच पॉलिसीत लिहून घ्या, किंवा साठा जागांमध्ये फिरता ठेवता येईल असं फ्लोटर संरक्षण मागा. कॅश क्रेडिटवाल्यांनी (मालावर बँकेचं खेळतं कर्ज घेतलेल्यांनी) बँकेने काढलेली पॉलिसी मागून बघावी. कधी कधी तिच्यावर दहा वर्षांपूर्वीचा पत्ता निघतो.

तिसरी जीएसटीची. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावं लागतं. म्हणजे माल गेला आणि वर त्याचा करही खिशातून गेला. विम्याची रक्कम ठरवतानाच सीएला विचारून हा बोजा धरून घ्या.

चौथी पुराव्याची. १ जुलैला आणि मग दर पंधरवड्याला दुकान-गोदामाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, त्या दिवशीचं वर्तमानपत्र दाखवत, थप्प्या मोजत. पाच मिनिटं लागतात. विरघळलेल्या साखरेचा दुसरा पुरावा नसतो.

रेड अलर्ट आल्यावर पॉलिसी काढायला धावू नका. तेव्हा कुणी देत नाही.

कुलूप लावायच्या आधी

मुख्य स्विच आणि इन्व्हर्टर बंद. गॅस सिलिंडर रेग्युलेटर काढून बाहेर, किंवा बांधून. मोरीवर पोतं. दुकानाचा शेवटचा व्हिडिओ. गल्ल्यातली चिल्लरसुद्धा घरी. देवाचा फोटो काढून नेतात सगळे, मीही नेतो.

राखणीला कुणालाही आत ठेवू नका. "पोरगा माळ्यावर झोपेल" हे वाक्य २०१९ ला पेठेत मी स्वतः ऐकलंय. वीज नाही, पाणी नाही, फोन बंद, आणि सुटकेची बोट आली तरी ती सुखरूप जाईलच असं नाही. त्याच पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली, हे आपण विसरलेलो नाही.

गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर पाणी ओसरल्यावर चावी लावू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी नसेल तर विमावाले ते नुकसान तुमच्या चुकीत धरतात.

पाणी उतरताना

गाळ ओला असतानाच काढायचा. पाणी शेवटच्या फुटावर येतं तेव्हा त्याच पाण्यात खराटा मारून गाळ हलवत राहिलं तर तो पाण्याबरोबर बाहेर जातो. एकदा सुकला की फावडं वाजतं. पण हे सुरू करायच्या आधी भिंतीवरची पाण्याची रेघ, मालाची स्थिती, यंत्रांचे नंबर यांचे फोटो काढा, विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. सर्व्हेअर यायला उशीर होत असेल आणि माल सडत असेल तर ई-मेलने "आरोग्याच्या कारणाने अमुक तारखेला नष्ट करतो आहोत" असं कळवून नमुने बाजूला ठेवा.

सरकारी पंचनामा वेगळा, तो तलाठी-महापालिकेकडून होतो. २०२१ ला दुकानदारांना कमाल ५० हजारांची मदत होती. तेवढ्याने गाळ काढायची मजुरी निघते, पण घ्यावी. शॉप अ‍ॅक्टची प्रत त्यासाठी लागते.

आत शिरताना गमबूट, हातमोजे, काठी. साप रॅकच्या वरच्या कप्प्यात असतो. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका आणि लेप्टोच्या (पुराच्या पाण्या-गाळातून होणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. वायरिंग सुकलं असं डोळ्यांना वाटतं, पण इलेक्ट्रिशियनकडून मेगर (तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासल्याशिवाय स्विच वर करायचा नाही. तारा तुटल्या असतील तर महावितरणचा १९१२. संगणक चालू करून बघायचा मोह आवरा. हार्डडिस्क तशीच काढून जाणकाराकडे द्या.

पुराचं पाणी लागलेलं खाण्याचं काहीही विकायचं नाही. बंद डबा, बंद पुडा, काहीही. वाळवून, चाळून, "जनावरांना चालेल" म्हणून घेणारे दलाल चौथ्या दिवशी पेठेत फिरायला लागतात आणि तो माल जनावरांकडे जात नाही. आम्ही खड्डा काढून चुना टाकून पुरला, फोटोसह.

भिजलेल्या नोटा सावलीत वाळवून बँकेत द्या, शाखा बदलून देते. भिजलेल्या वह्या उघडू नका, पानं चिकटून फाटतात. पाणी निथळू द्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. वेळ मिळेल तेव्हा एकेक काढून वाळवता येतात. कर्जाचा हप्ता चुकणार असेल तर तो चुकायच्या आधी बँकेत लेखी अर्ज द्या. नैसर्गिक आपत्तीत कर्जाची फेररचना करण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

शटरची स्प्रिंग आणि पट्ट्या त्याच आठवड्यात धुऊन तेल सोडा. भिंतींना रंगाची घाई करू नका. जुन्या विटांच्या भिंती बाहेरून कोरड्या दिसल्या तरी आत महिनोन्महिने ओल धरतात, आणि दिवाळीला लावलेला रंग संक्रांतीला पापुद्रे सोडतो. आणि रंगारी येईल त्या दिवशी स्वतः दुकानात हजर राहा. २०१९ ची रेघ त्याने एका हातात पुसून टाकली होती, "शेठ, डाग गेला" म्हणून वर सांगितलं. तीच मग शेजारच्या दुकानातून नळीने परत आणावी लागली. आता तिच्याभोवती चौकट आहे, बाजूला तारीख आणि आयर्विनचा फूट.